मोनेचा मोतीबिंदू

गेल्या महिन्यात आमच्या दवाखान्यात एक टेलरमास्तर आले. वय पासष्टच्या पुढे, बाजारपेठेत चाळीस वर्षांचे दुकान. काय त्रास होतो म्हणून विचारले, तर म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, मला काही त्रास नाही. त्रास गिऱ्हाइकांचा आहे.’’ झाले होते असे, की एका गिऱ्हाइकाच्या काळ्या पँटला त्यांनी गडद निळ्या दोऱ्याची शिलाई घातली होती, आणि महिन्याभरातली ही तिसरी वेळ होती. मास्तरांचा राग रीळ बनवणाऱ्यांवर. हल्ली दोऱ्याचे रंगच धड येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना यंत्रासमोर बसवून डोळे पाहिले. दोन्ही डोळ्यांतली भिंगे कोऱ्या चहाच्या रंगाची झाली होती. दोऱ्याचे रंग आपल्या जागी ठीक होते.

मोतीबिंदू आहे म्हटल्यावर मास्तर जरा दुखावले. इतकी वर्षे डोळ्यांवर पोट भरणाऱ्या माणसाला आपले डोळे बिघडले आहेत हे कळू नये, हे त्यांना पटेना. तेव्हा मी त्यांना एका फ्रेंच चित्रकाराची हकीगत सांगितली. तीच आज वाचकांसाठी लिहितो आहे.

क्लोद मोने हे नाव आपल्याकडे चित्रकलेच्या विद्यार्थ्यांखेरीज फारसे कुणी ऐकलेले नसेल. हा १८४० साली पॅरिसमध्ये जन्मला. चार भिंतींच्या आत बसून राजेराजवाड्यांची गुळगुळीत चित्रे काढण्याऐवजी कॅनव्हास उचलून उघड्यावर जायचे आणि त्या घटकेचे ऊन, धुके, पाणी रंगांत पकडायचे, हा त्याचा आणि त्याच्या मित्रांचा मार्ग. त्याच्या एका सूर्योदयाच्या चित्राच्या नावावरून या मंडळींना ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणू लागले, तेही आधी टिंगल म्हणून. शेतातल्या गंज्यांची त्याने एका पाठोपाठ एक अशी पंचवीसेक चित्रे काढली. कारण एवढेच, की गंजी सकाळी एका रंगाची दिसते, दुपारी दुसऱ्या आणि बर्फ पडल्यावर तिसऱ्याच. रंगातला इतका बारीक फरक टिपणे हेच ज्याचे भांडवल, असा हा माणूस.

१८८३ पासून तो जिव्हर्नी नावाच्या खेड्यात राहत होता. तिथे त्याने बाग केली, तळे केले, तळ्यात कमळे लावली, वर जपानी धाटणीचा कमानदार लाकडी पूल बांधला. पुढची कितीतरी वर्षे तो हे तळे आणि हा पूलच रंगवत राहिला. १९११ मध्ये त्याची पत्नी वारली. पुढच्याच वर्षी, वयाच्या ७१ व्या वर्षी, पॅरिसच्या डॉक्टरांनी त्याला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले. डोळ्यांच्या कुरबुरी त्याच्या आधीपासूनच चालू होत्या. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला. त्याने आणखी एक-दोघांना विचारले, आणि थांबा म्हणणाऱ्याचा सल्ला मानला. हे थांबणे दहा वर्षे चालले. (सल्ला विचारत फिरायचे आणि आपल्या मनातले बोलणारा डॉक्टर भेटला की थांबायचे, ही पद्धत आपल्याच तालुक्याची आहे असे मला वाटत असे.)

आता या दहा वर्षांत काय झाले ते समजण्यासाठी मोतीबिंदू म्हणजे काय ते थोडे पाहू. बुबुळाच्या मागे डोळ्यात एक पारदर्शक भिंग असते. पुष्कळांचा समज असतो की मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा किंवा वाढलेले मांस, जे वरचेवर खरवडून काढता येईल. तसे नाही. आतले हे भिंगच गढूळ होते. वयानुसार होणाऱ्या मोतीबिंदूत बऱ्याचदा भिंगाचा गाभा आधी पिवळा, मग तपकिरी होत जातो. म्हणजे डोळ्याच्या आतच पिवळी काच बसवल्यासारखे होते. पिवळी काच निळा आणि जांभळा प्रकाश अडवते. निळा काळ्यात मिसळतो, जांभळा तपकिरी होतो, पांढऱ्यावर मळकट पिवळी झाक येते. भिंग गढूळ असल्याने प्रकाश विखुरतो तो वेगळाच, त्यामुळे उन्हात डोळे दिपतात आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा पसरतो.

हे सगळे इतक्या सावकाश होते की ज्याचे त्याला कळत नाही. मेंदू रोजच्या रोज जुळवून घेतो. काल पाहिलेला पांढरा आणि आज पाहिलेला पांढरा यांत फरक नसतो. दहा वर्षांपूर्वीचा पांढरा समोर ठेवायला कुठे मिळतो? मास्तरांना कळले नाही यात त्यांचा काही दोष नव्हता. उलट या मोतीबिंदूत एक गमतीचा प्रकारही होतो. भिंगाचा गाभा घट्ट झाला की डोळ्याचा नंबर बदलून जवळचे काही काळ बिनचष्म्याचे दिसू लागते. मग सत्तरीचे आजोबा पेपर चष्म्याशिवाय वाचून घरभर सांगत सुटतात की डोळे पुन्हा तरुण झाले. माझ्याकडे असे आजोबा आले, की मी आधी त्यांचे अभिनंदन करतो आणि मग यंत्रासमोर बसवतो.

मोने मात्र रंगांचाच माणूस. रंग पूर्वीसारखे तेजदार दिसत नाहीत, तांबडे चिखलासारखे दिसतात, असे त्याचे म्हणणे होते. यावर त्याने काय उपाय केले ते ऐकण्यासारखे आहे. रंगांच्या नळ्यांवरची नावे वाचून रंग घ्यायचे आणि रंगाच्या पाटीवर प्रत्येक रंगाची जागा ठरवून ठेवायची, म्हणजे डोळ्यांनी ओळखता आले नाही तरी हात बरोबर जागी जाईल. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून रुंद काठाची गवती टोपी. भर दुपारचे काम टाळायचे. मास्तरांनाही कात्रीच्या हाताशी कोणते रीळ असते हे पाठ होते. फक्त त्यांच्या नातवाने दुकान आवरताना रिळांची जागा बदलली, आणि तिथून हा घोटाळा सुरू झाला.

मोनेच्या चित्रांत मग काय दिसते? त्या जपानी पुलाचे त्याने १८९९ मध्ये काढलेले चित्र आणि १९१८ ते १९२४ या काळात काढलेली चित्रे शेजारी ठेवली, तर ती एकाच माणसाची आणि एकाच पुलाची आहेत यावर विश्वास बसत नाही. पहिल्यात हिरवे-निळे थंडगार पाणी, पुलाची रेघन् रेघ स्पष्ट, कमळे वेगळी मोजता येतील अशी. नंतरच्यांत तांबडा, नारिंगी, तपकिरी आणि गर्द हिरवा यांचा नुसता गुंता. चित्राचे नाव वाचल्याशिवाय पूल सापडत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे नेत्रतज्ज्ञ मायकेल मार्मर यांनी संगणकाच्या साह्याने मोनेच्या मोतीबिंदूतून ते तळे कसे दिसत असेल याच्या प्रतिमा तयार केल्या आणि २००६ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. तळे पिवळसर तपकिरी आणि धूसर, निळा जवळजवळ नाहीसा झालेला. ज्या बागेवर त्याने आयुष्य घालवले ती त्याला अशी दिसत होती.

इथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. चित्र विचित्र दिसले की चित्रकाराला रोग चिकटवायचा, ही आम्हा डॉक्टरांची जुनी खोड आहे. स्पेनमधल्या एल ग्रेकोने चारशे वर्षांपूर्वी लांबट, ताणलेल्या आकृत्या काढल्या, तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका नेत्रतज्ज्ञाने त्याच्या डोळ्याला तिरका नंबर असावा असे जाहीर केले. आता विचार करा, डोळ्याला माणूस लांबट दिसत असेल तर कॅनव्हासवरचे चित्रही लांबटच दिसणार, आणि दोन्ही जुळवताना चित्र सरळच निघणार. रंगांनाही हा न्याय काही प्रमाणात लागू आहे. पिवळ्या काचेतून तळेही पिवळे आणि कॅनव्हासही पिवळा. पण मोतीबिंदूचे इथे वेगळे पडते. निळा आणि काळा यांतला फरकच दिसेनासा झाला, की त्या दोहोंतला कोणता रंग लावला याची शहानिशा डोळ्यांना करता येत नाही. शिवाय मोने पुष्कळसे आठवणीने आणि नळीवरच्या नावावर विसंबून रंगवत होता. तेव्हा नंतरच्या चित्रांतले सगळेच मोतीबिंदूच्या खात्यावर टाकू नये, काही त्याच्या म्हातारपणीच्या धाडसाचेही असेल. माझे स्वतःचे मत विचाराल तर बराचसा वाटा मोतीबिंदूचा. कारण पुढे काय झाले ते पाहा.

१९२२ साली डॉक्टर शार्ल कुतेला यांनी त्याला तपासले. उजव्या डोळ्याला फक्त प्रकाश कळत होता. डाव्याची दृष्टी एक दशांश उरली होती, म्हणजे निकोप डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारे अक्षर याला सहा मीटरवर यावे लागे. कुतेलांनी आधी डाव्या डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब घातले. बाहुली रुंदावल्यामुळे भिंगाच्या गढूळ गाभ्याच्या कडेने थोडा प्रकाश आत जाऊ लागला आणि मोने खूश झाला. ही खुशी थोड्या दिवसांचीच होती, कारण मोतीबिंदू होता तिथेच होता. आजही मोतीबिंदू विरघळवणारे थेंब म्हणून काहीबाही विकले जाते, बसस्टँडवर आणि आता मोबाईलवरही. कोणत्याही थेंबाने मोतीबिंदू विरघळत नाही. मधाने नाही, कांद्याच्या रसाने तर नाहीच. कांद्याच्या रसाने डोळा भाजलेले रुग्ण येतात.

शस्त्रक्रियेची त्याला भीती वाटे, आणि ती अगदीच खुळी नव्हती. मेरी कॅसट ही अमेरिकन चित्रकर्ती त्याच मंडळींतली. आई आणि मूल हा तिचा आवडता विषय. तिलाही दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, मधुमेह होताच. तिच्या डोळ्यांवर एकापेक्षा अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि यश आले नाही. शेवटची दहा-अकरा वर्षे तिने चित्र काढले नाही. हे मोनेला ठाऊक होते. दुसऱ्या बाजूला त्याचा जिवलग मित्र जॉर्ज क्लेमांसो त्याच्या मागे लागला होता. हा क्लेमांसो म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस फ्रान्सचा पंतप्रधान असलेला गृहस्थ, आणि शिक्षणाने डॉक्टर. मोनेने युद्ध संपल्याच्या आनंदात कमळांचे प्रचंड फलक राष्ट्राला द्यायचे कबूल केले होते, ते पुरे व्हायचे होते. मित्राचा डोळा आणि देशाची चित्रे अशा दोन्ही काळज्या क्लेमांसोच्या डोक्यावर होत्या.

अखेर १९२३ च्या जानेवारीत उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. एका बैठकीत नव्हे, आधी एक टप्पा आणि काही दिवसांनी मोतीबिंदू काढण्याचा दुसरा. त्या काळी जखमेला आजच्यासारखे बारीक टाके नव्हते. ती आपोआप जुळेपर्यंत रुग्णाने उताणे, डोके न हलवता, डोळ्यांवर पट्ट्या बांधून अंधारात पडून राहायचे. ८२ वर्षांचा, मुळात तापट, आयुष्य उघड्यावर काढलेला माणूस. त्याने थयथयाट केला, पट्ट्या ओढून काढण्यापर्यंत मजल गेली. नंतर भिंगाच्या मागच्या पापुद्र्यावर जाळी धरली म्हणून जुलैमध्ये पुन्हा एकदा डोळा उघडावा लागला.

आणि एवढे करून दिसले काय? भिंग काढले, पण त्या जागी बसवायला काहीच नव्हते. म्हणून जाड भिंगाचा चष्मा. ज्यांचे वडील, आजोबा १९८०-९० च्या सुमारास गावच्या नेत्रशिबिरातून शस्त्रक्रिया करून आले, त्यांना बाटलीच्या बुडासारखा हा चष्मा आठवत असेल. या चष्म्यातून वस्तू पाव हिश्श्याहून अधिक मोठ्या दिसतात, सरळ रेषा वाकतात, कडेचे दिसत नाही. पायरी वाटते तिथे नसते, पेला धरायला जावे तर हात अलीकडेच बंद होतो. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली आणि दुसऱ्याची नाही, तर दोन डोळ्यांना दोन मापांचे जग दिसते आणि मेंदूला ते जुळवता येत नाही. मोनेला एक डोळा झाकून काम करावे लागले. त्यात रंगांचा घोळ. पिवळी काच निघाल्यावर निळ्याचा लोंढा आत आला. कधी त्याला सगळे निळे दिसे, कधी पिवळे, आणि त्या रागात तो कुतेलांना दोष देई. रंगीत काचांचे चष्मे करून पाहिले, भिंगे बदलून पाहिली. बरोबर चष्मा जमायला १९२५ उजाडले. त्यानंतर मात्र तो पूर्वीच्या उत्साहाने कामाला लागला.

चष्मा जमण्याआधीही आणि नंतरही त्याने आपली आदल्या काळातली चित्रे नव्या डोळ्याने पाहिली. काही पुन्हा रंगवली, काही फाडली, जाळली. घरच्या माणसांनी हाताला लागतील ती वाचवली. म्हणूनच मी म्हटले की बराचसा वाटा मोतीबिंदूचा. आपण काय रंगवत होतो हे त्याला शस्त्रक्रियेनंतर कळले, मास्तरांना जसे गिऱ्हाइकाकडून कळले. कमळांचे फलक त्याने शेवटपर्यंत हातातून सोडले नाहीत. ५ डिसेंबर १९२६ रोजी तो वारला, आणि १९२७ च्या मे महिन्यात पॅरिसच्या ओरांजरी या इमारतीत दोन लंबगोल दालनांत ते २२ फलक लोकांसाठी खुले झाले. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया त्याने करून घेतली नाही ती नाहीच.

मोनेच्या डोळ्यात जे बसवता आले नाही ते पुढे एका अपघाती निरीक्षणातून सापडले. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या प्लॅस्टिकच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत कपच्या शिरत. हॅरल्ड रिडली या इंग्लिश नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आले, की हे प्लॅस्टिक डोळ्यात राहिले तरी डोळा बिथरत नाही. त्या प्लॅस्टिकचे भिंग करून त्याने नोव्हेंबर १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रुग्णाच्या डोळ्यात बसवले. सहकाऱ्यांनी त्याला वर्षानुवर्षे वेड्यात काढले. भारतात ही भिंगे फार महाग पडत. १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न ऑरोलॅबने ती देशातच बनवायला सुरुवात केली आणि शिबिरातल्या गरिबालाही भिंग मिळणे शक्य झाले. आज छोट्या छेदातून मोतीबिंदू काढून तिथेच भिंग बसवतात, रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस सगळे निळसर वाटते, ते मोनेला वाटले तसेच आणि त्याच कारणाने, ते आपोआप जाते.

‘मोतीबिंदू पिकला का?’ हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. पिकण्याची वाट पाहण्याचे दिवस गेले. उलट फार पिकू दिला तर भिंग दगडासारखे कडक होते, शस्त्रक्रिया अवघड जाते, क्वचित डोळ्याचा दाब वाढून नजर कायमची जाते. नजरेमुळे आपले रोजचे काम अडू लागले की वेळ झाली. टेलरला लवकर अडेल, देवळात जपमाळ ओढणाऱ्या आजीला उशिरा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणून मगच. आणि शस्त्रक्रियेनंतर डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा आलेली नजर कमी झाली, तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, रात्र झाली तरी.

पण धूसर दिसले म्हणजे मोतीबिंदूच, असेही नाही. मोनेच्याच मित्रमंडळींत एदगार देगा होता, नर्तकींच्या चित्रांसाठी प्रसिद्ध. १८७० च्या युद्धात हा पॅरिसच्या रक्षक दलात भरती झाला, तेव्हा नेमबाजी करताना उजव्या डोळ्याने निशाण दिसत नाही हे उघड झाले. त्याचा विकार भिंगाचा नव्हता, डोळ्याच्या मागच्या पडद्याचा, त्यातही मध्यभागाचा असावा, असे आजच्या नेत्रतज्ज्ञांचे मत आहे. कडेचे दिसते, पण जिथे नजर रोखावी तिथलेच पुसट होते. त्याच्या चित्रांतल्या छटा दाखवणाऱ्या रेघा वर्षागणिक जाड आणि विरळ होत गेल्या. मार्मर यांचे म्हणणे असे, की त्याच्या धूसर नजरेला या ढोबळ रेघा एकमेकींत मिसळून मऊ दिसत असणार. ढोबळपणा दिसतो तो आपल्याला. तैलरंगांपेक्षा तो खडूसारख्या पेस्टल रंगांकडे अधिक वळला आणि मेणाच्या मूर्ती करू लागला, कारण मूर्तीला बोटांनी पाहता येते. हयातीत त्याने एकच मूर्ती प्रदर्शनात मांडली, १८८१ मध्ये. १९१७ साली तो वारल्यावर त्याच्या कामाच्या जागी सुमारे दीडशे मूर्ती सापडल्या, कित्येक मोडक्या अवस्थेत.

घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, न्हाणीघरातल्या फरशांच्या रेषांकडे किंवा खिडकीच्या गजांकडे पाहा. मधली रेष वाकडी दिसली, मध्येच डाग दिसला, तर ती पडद्याची तक्रार समजून लगेच दाखवावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून ही परीक्षा निरुपयोगी आहे, चांगला डोळा वाईटाची चूक झाकतो. देगाला बंदूक हातात घेईपर्यंत कळले नाही ते यामुळेच.

डोळ्यांची गोष्ट झाली, पण हात? मास्तरांच्या पत्नी बरोबर आल्या होत्या. त्या काज-बटणे करतात. सकाळी तासभर बोटे वळत नाहीत, दोन्ही हातांच्या मुठीचे सांधे सुजतात, असे त्या जाता जाता म्हणाल्या. तेव्हा मला ऑग्युस्त रेन्वार आठवला. हा मोनेचा जवळचा मित्र आणि, योगायोग पाहा, शिंप्याचा मुलगा. चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी काढण्यापासून त्याने सुरुवात केली. वयाच्या पन्नाशीच्या सुमारास त्याला संधिवात जडला, साधा म्हातारपणाचा नव्हे, तर शरीराची संरक्षक शक्तीच सांध्यांवर उलटते तो आमवात. बोटे तळव्याकडे वळली, खांदा आखडला, शेवटची काही वर्षे चाकांच्या खुर्चीत गेली.

त्याच्या हाताला कुंचला बांधून देत, अशी एक गोष्ट सांगितली जाते. ती खरी नाही. छायाचित्रांत त्याच्या हाताला पट्ट्या दिसतात, त्या वळलेल्या बोटांची नखे आणि कुंचल्याचा दांडा तळव्याच्या नाजूक झालेल्या कातडीला लागू नये म्हणून. कुंचला दुसऱ्याने बोटांत अडकवून द्यावा लागे, पण धरत तो स्वतःच होता. १९१५ साली साशा गित्री याने घेतलेल्या चलचित्रात तो तसा रंगवताना दिसतो, मध्येच सिगारेटही ओढतो. मोठे कॅनव्हास रुळांवर चढवून हँडल फिरवून खालीवर सरकवण्याची सोय करून घेतली होती, म्हणजे हात वर न नेता चित्राचा हवा तो भाग समोर येई. हात बरे होते तोवर रोज सकाळी लहान चेंडू झेलण्याचा व्यायाम तो नेमाने करी. १९१९ मध्ये वारला त्याच वर्षी त्याने दीड मीटरहून रुंद असे स्नान करणाऱ्या स्त्रियांचे चित्र पुरे केले. चेहऱ्यांवर वेदनेचा मागमूस नाही.

रेन्वारला या रोगावर औषध नव्हते. आज आहे, आणि पहिल्या काही महिन्यांत सुरू केले तर बोटे वळण्याची वेळ सहसा येत नाही. म्हणून सकाळचा ताठरपणा आणि दोन्ही हातांची सूज सहा आठवडे टिकली, तर रक्त तपासून घ्यावे. बायकांत हा रोग पुरुषांपेक्षा जास्त आढळतो, आणि बायकाच तो ‘कामाने होते’ म्हणून अंगावर काढतात. कुणाच्या तरी हातच्या पुड्या घेऊन दोन दिवसांत बरे वाटले, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका धरावी. आणखी एक गोष्ट अगदी लक्षात ठेवण्याजोगी : यावर दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने जिवावर बेतलेले आहे. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करावी.

मास्तर हे सगळे ऐकून म्हणाले, ‘‘पण डॉक्टरसाहेब, त्या बाईंसारखे झाले तर?’’ मेरी कॅसट त्यांनी बरोबर लक्षात ठेवली होती. खोटा धीर देणे बरे नव्हे. आपल्याच देशात बिनोदबिहारी मुखर्जी नावाचे थोर चित्रकार होऊन गेले. शांतिनिकेतनात शिकले आणि तिथेच शिकवले. जन्मापासून त्यांना एका डोळ्याने दिसत नव्हते, दुसऱ्याला मोठा नंबर. तशा नजरेने त्यांनी १९४६-४७ मध्ये तिथल्या हिंदी भवनाच्या भिंतींवर ओल्या गिलाव्यात मध्ययुगीन संतांचे भव्य चित्र काढले, त्यात कबीर आहेत, तुलसीदास आहेत, अंध सूरदासही आहेत. १९५६-५७ च्या सुमारास मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि होती तीही नजर गेली. त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून चित्रे जुळवली, हाताने चाचपत मूर्ती केल्या आणि १९७२ मध्ये कला भवनाच्या भिंतीवर फरशांचे मोठे चित्र उभे केले. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्याच वर्षी त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा लघुपट काढला, त्यात ते काम करताना पाहायला मिळतात. १९८० मध्ये ते वारले.

तेव्हा धोका आहे, पण १९२३ किंवा १९५६ चा आता राहिलेला नाही. तरी तो शून्य नाही, हे मी मास्तरांना सांगितले. त्यांची साखर तपासली, डोळ्याचा दाब आणि पडदा तपासला, सगळे ठीक निघाले. पंधरवड्यापूर्वी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवशी ते दुकानातली दोन रिळे खिशात घालून आले, मला त्यांतले काळे कोणते आणि निळे कोणते ते दाखवायला. डाव्या डोळ्याचे मी विचारले, तर म्हणाले, ‘‘दिवाळीची शिलाई उरकू द्या.’’ वार मी वहीत लिहून ठेवला आहे.

(पुढील आठवड्यात : काचबिंदू, न दुखणारा चोर.)